मोबाइल-संगणकावर कोर्टाची बंदी असताना काम कसं शोधाल?

जामीन झाला की घराला हायसं वाटतं. मग आठवडाभरात दुसरा प्रश्न दारात येतो: आता कमवायचं कसं? आदेशात लिहिलेलं असतं, की आरोपीने खटला संपेपर्यंत इंटरनेट किंवा समाजमाध्यमं वापरू नयेत. इकडे दूध घालायला गेलं तरी पावती यंत्रातून निघते आणि उसाच्या गाडीचं वजन पडद्यावर उमटतं.

गेल्या काही वर्षांत गावोगावची तरुण पोरं या कात्रीत सापडली आहेत. कुणी दोन-चार हजारांसाठी आपलं बँक खातं ‘भाड्याने’ दिलं, कुणी आपल्या नावाचं सिम दुसऱ्याला दिलं, कुणी एखादी पोस्ट पुढे ढकलली. गुन्हा नोंद झाला, फोन जप्त झाला, जामिनाबरोबर अटी आल्या. मग विचारणा सुरू होते. साधा फोन चालेल का? टपरीवर क्यूआर कोडचा कागद लावला तर? हजेरीला अंगठा लावायचं यंत्र म्हणजे संगणक का? मालकाला सांगावं की गप्प बसावं?

या सगळ्यावर आमचा मुख्य सल्ला एकच आहे. काम धरण्याआधी अट शब्दशः वाचा. ती कामाच्या आड येत असेल तर चोरून मोडू नका, कोर्टाकडून लेखी बदलून घ्या. तशी सोय कायद्यात आहे, पण बरेच जण ती कधी वापरतच नाहीत.

आधी हे ठरवा: तुम्ही कशावर बाहेर आहात?

गावात तुरुंगाबाहेरच्या प्रत्येकाला ‘पॅरोलवर आलाय’ म्हणतात. तुमचा अर्ज कुठे जाणार हे यावरच ठरतं, म्हणून नीट समजून घ्या.

- जामीन. खटला चालू आहे, दोष सिद्ध झालेला नाही. आदेशात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर काम-धंदा करायला तुम्ही मोकळे आहात. श्रीपूर (ता. माळशिरस, जि. सोलापूर) परिसरातले बहुतेक प्रश्न याच गटातले असतात आणि हा लेखही मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.
- शिक्षा स्थगित. शिक्षा झाली, पण अपील दाखल आहे आणि तोवर तुम्ही बाहेर आहात. अटींबद्दलचा अर्ज अपील जिथे आहे त्या कोर्टात करायचा.
- परिवीक्षा. दोष सिद्ध झाला, पण तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. यासाठी १९५८चा परिवीक्षा कायदा आहे. त्याच्या कलम १४ नुसार परिवीक्षाधीन व्यक्तीवर देखरेख ठेवणं आणि गरज असेल तिथे तिला योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणं, हे परिवीक्षा अधिकाऱ्याच्या कर्तव्यातच येतं. कलम १२ मुळे, अशा रीतीने सोडलेल्या व्यक्तीला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. या दोन कलमांचा आधार मागायला अजिबात संकोच करू नका.
- पॅरोल आणि फर्लो. कागदावर यांना अभिवचन रजा आणि संचित रजा म्हणतात. ही शिक्षेच्या मधली मोजक्या दिवसांची रजा असते. तेवढ्यात नवी नोकरी धरण्याच्या मागे लागू नका. आधार, बँक पासबुक, आयटीआयचा दाखला, जुन्या मालकाचं पत्र असे सुटकेनंतर लागणारे कागद गोळा करा. काही शंका असेल तर रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यालाच लेखी विचारा.

शिक्षा भोगत असताना बाहेर काम करण्याची जुनी वाट आपल्या शेजारीच आहे. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची खुली वसाहत १९३९ साली औंध संस्थानात सुरू झाली. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची कल्पना तिच्यावरूनच आली. पण खुल्या तुरुंगात जायचं की नाही हे तुरुंग प्रशासन ठरवतं, म्हणून इथे तो विषय एवढाच.

आदेशाची नक्कल हातात घ्या

‘वकीलसाहेब म्हणाले मोबाइल वापरायचा नाही’ एवढ्यावर आयुष्य चालवू नका. कोर्टातून आदेशाची प्रमाणित नक्कल काढा आणि अटींचा परिच्छेद दोनदा वाचा. इंग्रजीत असेल तर वकिलांकडून ओळ न ओळ समजावून घ्या. पुढे दिलेल्या प्रत्येक प्रकाराचा परिणाम वेगळा आहे.

- ‘समाजमाध्यमं वापरू नयेत’ एवढंच असेल, तर संगणकावर हिशेब लिहिण्याला आडकाठी नाही. पण कामाचा व्हॉट्सॲप गट यात येतो का, हा प्रश्न उरतोच.
- ‘इंटरनेट वापरू नये’ असेल, तर जोडणी नसलेल्या संगणकावर बिलं करणं एक गोष्ट आणि ऑनलाइन विवरणपत्र भरणं दुसरी.
- ‘संगणक, लॅपटॉप, स्मार्टफोन वा तत्सम साधन’ असं असेल, तर व्याप्ती फार मोठी आहे. ‘तत्सम’ शब्द दिसला की तो कोर्टाकडून स्पष्ट करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.
- ‘एकच मोबाइल क्रमांक वापरावा, तो तपासी अधिकाऱ्याला कळवावा’ असं असेल, तर ती फोनवरची बंदी नव्हे. क्रमांक बदलला की कळवायची जबाबदारी तुमची.

अटी किती वेगवेगळ्या असू शकतात हे महाराष्ट्रातल्याच भीमा-कोरेगाव प्रकरणात दिसतं. गौतम नवलखा यांना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये नजरकैदेची परवानगी दिली. तेव्हा इंटरनेट, लॅपटॉप आणि स्वतःचा मोबाइल बंद करण्यात आला. पोलिसांनी दिलेल्या, इंटरनेट नसलेल्या फोनवरून त्यांच्यासमोर दिवसातून एकदा दहा मिनिटं बोलता येत असे. त्याच प्रकरणात जुलै २०२३ मध्ये व्हर्नन गोन्सालविस आणि अरुण फरेरा यांना जामीन देताना अट जवळजवळ उलटी होती: एकच मोबाइल ठेवायचा, तो सतत चालू ठेवायचा आणि ठिकाण कळत राहील अशी व्यवस्था करायची. एकाच प्रकरणात एकाला फोन बंद आणि दुसऱ्याला फोन सक्तीचा. म्हणून शेजारच्या पोराला काय चाललं ते विचारून उपयोग नाही.

नक्कल वाचताना आणखी तीन गोष्टींवर खूण करा. अट किती काळ आहे: दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत की खटला संपेपर्यंत? पोलीस ठाण्यात हजेरी कोणत्या वारी आणि किती वाजता? आणि हद्द कोणती? श्रीपूरकरांनी हद्दीकडे जास्त लक्ष द्यावं. अकलूजहून नीरा ओलांडून इंदापूरकडे गेलात की पुणे जिल्हा लागतो. टेंभुर्णीच्या एमआयडीसीत गेलात तर जिल्हा सोलापूरच, पण तालुका माढा. ‘माळशिरस तालुका सोडू नये’ अशी अट असेल तर टेंभुर्णीचं कामही बसत नाही.

कामाच्या नावावर जाऊ नका, त्यातला पडदा बघा

‘अंगमेहनतीचं काम धरलं की झालं’ हा समज आता खरा राहिलेला नाही.

साखर कारखान्याचंच घ्या. आगाशे यांच्या १९३४ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटपासून आजच्या श्री पांडुरंग सहकारी कारखान्यापर्यंत श्रीपूरचं अर्थकारण उसाभोवतीच फिरलं. त्यामुळे कामाचा शोधही बहुधा तिथूनच सुरू होतो. चिटबॉयचं काम पूर्वी वहीवर चालायचं. आज अनेक कारखान्यांत उसाची नोंद मोबाइलवरच्या ॲपमध्ये, शेतात उभं राहून करावी लागते. काट्यावरचा माणूस संगणकापुढे बसतो. आधुनिक कारखान्यात बॉयलर आणि पॅनवरची बरीच सूत्रं नियंत्रण कक्षातल्या पडद्यावरून हलतात. याउलट गव्हाणीवरचं काम, गोदामातली हमाली, पोती शिवणं, फिटर-वेल्डर-टर्नरची कामं यांत पडदा येत नाही. हंगाम संपल्यावर यंत्रं उघडून दुरुस्तीची कामं निघतात. ज्यांच्या हाताला फिटरकी आहे त्यांनी ठेकेदाराकडे तेव्हाच विचारावं.

कारखान्याबाहेरही हाच हिशेब लावा.

*सहसा अडचण न येणारी कामं:* मोटार रिवायंडिंग, पाइपलाइन आणि ठिबकची जोडणी, गवंडीकाम, सेंट्रिंग, फरशी, रंगकाम, सुतारकाम, डाळिंबाची छाटणी, केळीची काढणी आणि खोकी भरणं, शेळीपालन, रोपवाटिका, पिठाची गिरणी, खानावळीतला स्वयंपाक. उसाच्या ट्रॅक्टरवर चालक म्हणूनही जमतं. फक्त गाडी कोणत्या हद्दीतून फिरणार हे आधी विचारा आणि टोकन कुणाच्या मोबाइलवर येणार तेही बघा.

*वरून साधी, आत पडदा असलेली कामं:* दूध संकलन केंद्र, कारण फॅटचं यंत्र संगणकाला जोडलेलं असतं. पेट्रोल पंप, कारण कार्डाचं यंत्र हाताळावं लागतं. झेरॉक्सचं दुकान, कारण गिऱ्हाईक कागद व्हॉट्सॲपवरच पाठवतं. दुचाकीचं गॅरेज, कारण एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांचा दोष पुष्कळदा स्कॅनर लावूनच कळतो. अशा ठिकाणी काम वाटून घेता येतं: स्कॅनर दुसरा मेकॅनिक लावेल, इंजिन तुम्ही उघडाल. मालक तयार असेल तर हे पत्रावर लिहून घ्या.

*सरळ बाजूला ठेवायची कामं:* घरपोच सेवा, कुरिअर, ॲपवरची टॅक्सी, महा-ई-सेवा केंद्र, कॉल सेंटर, मोबाइल दुरुस्ती.

हजेरीचं अंगठ्याचं यंत्र हे ‘संगणक वापरणं’ नव्हे, असं आमचं मत आहे. तिथे तुम्ही काही चालवत नाही, मालक तुमची नोंद घेतो. पण मतावर जामीन टिकत नाही. कोर्टात अर्ज करणारच असाल तर त्यात हे एक वाक्य घालून टाका.

सर्वात बिकट अवस्था असते बीसीए किंवा बी.कॉम. करून संगणकावरच पोट भरणाऱ्याची. त्याला छाटणीला जा म्हणणं सोपं आहे, पण ते टिकत नाही. त्याने अंगात असलेलं ज्ञान पडद्याविना कुठे विकता येईल ते शोधावं. फळ्यावर गणित, इंग्रजी किंवा लेखाशास्त्र शिकवता येतं. गुन्हा मुलांशी संबंधित असेल तर मात्र ही वाट बंद समजा. आडत दुकानात, बांधकामाच्या साइटवर, खताच्या गोदामात अजूनही हाताने कीर्द, साठ्याची नोंद, मजुरांचं हजेरीपुस्तक लिहिणारा माणूस लागतो. अमेरिकेतला गाजलेला हॅकर केविन मिटनिक जानेवारी २००० मध्ये तुरुंगातून सुटला तेव्हा पुढची तीन वर्षं त्याला इंटरनेटला हात लावायची मनाई होती. त्या काळात त्याने रेडिओवर कार्यक्रम केला, म्हणजे संगणकाबद्दल फक्त बोलून काम मिळवलं. त्याच्याएवढी कीर्ती आपल्याकडे नसते, पण अकलूजच्या शिकवणीत पोरं जमवायला तेवढी लागतही नाही.

अट बदलून घ्यायची असेल तर

काम मिळतंय, पण अट आडवी येते. अशा वेळी अट शिथिल करण्याचा किंवा तिचा अर्थ स्पष्ट करण्याचा अर्ज करता येतो. ज्या कोर्टाने अट घातली तिथे वकिलांमार्फत अर्ज द्या. दंडाधिकाऱ्यांनी जामीन देताना घातलेली अट रद्द करण्याचा वा बदलण्याचा अधिकार सत्र न्यायालयाला आणि उच्च न्यायालयालाही आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८३ त्यासाठी बघा. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलंच तर आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो.

‘पोट भरायचं आहे, कृपा करावी’ अशा अर्जातून कोर्टाच्या हाती काही लागत नाही. अर्जात हे असू द्या:

१. कामाचं ठिकाण, मालकाचं नाव, कामाचे तास, पगार. सोबत मालकाचं सहीचं पत्र. त्या पत्रात ‘अर्जदारावरील खटल्याची मला माहिती आहे’ हे वाक्य असेल तर वजन वाढतं.
२. कोणतं साधन, कशासाठी. ‘संगणक वापरू द्यावा’ असं मोघम नको. ‘काट्याच्या खोलीतील अमुक संगणक, फक्त वजनाच्या पावत्यांसाठी, फक्त पाळीच्या वेळेत’ असं हवं. मोबाइल असेल तर त्याचा आयएमईआय क्रमांक द्या.
३. तुम्ही स्वतः कोणतं बंधन स्वीकारता ते. उदाहरणार्थ, समाजमाध्यमांवर खातं उघडणार नाही, तपासी अधिकाऱ्याने मागितल्यास साधन तपासायला देईन.
४. आजवर अटी पाळल्याचा पुरावा: हजेरीच्या नोंदी, तारखांना उपस्थिती.
५. घरात कोण कोण अवलंबून आहे, याचं छोटं प्रतिज्ञापत्र.

यावर सरकार पक्षाचं ‘म्हणणं’ मागवलं जातं, तपासी अधिकारी विरोध करू शकतो. म्हणून मागणी जेवढी आटोपशीर, तेवढी ती मंजूर व्हायची शक्यता जास्त.

वकिलांच्या हाती देण्यासारखे काही निवाडेही आहेत. परवेझ नूरदीन लोखंडवाला विरुद्ध महाराष्ट्र या २०२० च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जामिनाच्या अटीचा तिच्या हेतूशी मेळ असला पाहिजे आणि आरोपीच्या हक्कांशी समतोल साधला गेला पाहिजे. २० जुलै २०२२ रोजी मोहम्मद झुबेर यांना जामीन देताना ट्विट करण्यावर बंदी घालण्याची उत्तर प्रदेश सरकारची मागणी न्यायालयाने नाकारली. ८ जुलै २०२४ च्या फ्रँक व्हायटस निकालात गुगल मॅपवरून ठिकाण पोलिसांना कळवत राहण्याची अट खासगीपणाच्या हक्काविरुद्ध ठरली. इंटरनेटच्या माध्यमातून व्यापार-व्यवसाय करण्याला घटनेच्या कलम १९ चं संरक्षण आहे, हे जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात म्हटलं आहे. तो निकाल काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीचा, पण मुद्दा इथेही मांडता येतो. यातला एकही निकाल म्हणजे तुमची अट आपोआप रद्द, असा अर्थ नाही. जिथे गुन्ह्याचं हत्यारच संगणक असतं, तिथे कोर्ट सहसा सावध राहतं, आणि ते समजण्यासारखं आहे.

एक गोष्ट वकिलांना आवर्जून विचारा: तुमच्यावरची सगळी कलमं जामीनपात्र आहेत का? माहिती तंत्रज्ञान कायद्यातले तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे, म्हणजे ओळखचोरीचं ६६-सी किंवा तोतयेगिरीने फसवणुकीचं ६६-डी, जामीनपात्र आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो, आणि अशा वेळी जादा अटींना आव्हान देण्याचा पाया पक्का होतो. बहुतेक प्रकरणांत मात्र जोडीला फसवणुकीचं अजामीनपात्र कलमही लावलेलं असतं.

हवालदाराची तोंडी परवानगी

‘वापर की, कोण बघतंय’ असं हजेरीच्या वेळी कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. अट कोर्टाची असते आणि ती सैल करायचा अधिकार पोलीस ठाण्याला नसतो. उद्या तक्रार झाली तर ते वाक्य कुणालाच आठवणार नाही. अट मोडल्याचं सिद्ध झालं तर जामीन रद्द होऊ शकतो, आणि बंधपत्राची रक्कम जप्त होण्याची कारवाईही होऊ शकते. तुमच्यासाठी सातबारा घेऊन कोर्टात उभा राहिलेला मामा किंवा चुलता त्यात अडकतो.

मालकाला किती सांगायचं?

खासगी मालकाला प्रत्येक गोष्ट आपणहून सांगण्याचं बंधन सहसा नसतं. पण तुमच्या बाबतीत गप्प राहणं व्यवहारात जमत नाही. हजेरीच्या वारी सुट्टी लागणार, तारखेला जावं लागणार, आणि ‘जरा एवढा मेल टाक’ म्हटल्यावर नाही म्हणावं लागणार. म्हणून गुन्ह्याची कहाणी न सांगता तीन वाक्यांत मोकळे व्हा: माझ्यावर खटला चालू आहे, दोष सिद्ध झालेला नाही, आणि कोर्टाच्या या या अटी आहेत. मालक नाही म्हणाला तर तो त्याचा अधिकार आहे. केवळ खटला प्रलंबित आहे म्हणून काम नाकारू नये, असं खासगी मालकाला बांधणारा कायदा आपल्याकडे नाही.

छापील अर्जात ‘आपल्यावर गुन्हा दाखल आहे का’ असा रकाना असेल तर खरंच लिहा. पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत प्रलंबित गुन्हा दिसतोच. सरकारी नोकरीपुरतं बोलायचं तर २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने लपवाछपवीला वेगळं वजन दिलं आहे. खरं सांगितलं तरी नेमणूक करायलाच हवी असं नाही, हेही त्याच निकालात आहे. पण खोटं लिहून मिळालेली नोकरी पुढे त्या खोट्यापायीच जाऊ शकते.

फोन, खातं आणि ओटीपी

बंदी इंटरनेटवर असेल तर बोलण्यापुरता बटणांचा फोन ठेवता येतो. पण बटणं दिसली म्हणून फोन साधा ठरत नाही. जिओच्या बटणांच्या काही फोनांवर यूट्यूब किंवा यूपीआय चालतं. फक्त आवाज आणि एसएमएस असलेला टूजी हँडसेट घ्या आणि खरेदीची पावती जपून ठेवा. जिओचं सिम टूजी हँडसेटमध्ये चालत नाही, तेव्हा क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे वळवावा लागेल, आणि अटीत क्रमांकाचा उल्लेख असेल तर त्याआधी वकिलांना विचारा.

आधारशी जोडलेलं सिम मुद्देमालात अडकलं असेल तर ओटीपीवाचून सगळंच अडतं. आधार केंद्रावर जाऊन चालू क्रमांक जोडून घ्या. जप्त वस्तू परत मिळवण्यासाठीही कोर्टात अर्ज करता येतो. २००२ च्या सुंदरभाई देसाई निकालापासून वस्तू विनाकारण ठाण्यात पडून राहू नयेत असं धोरण आहे. फोन हाच पुरावा असेल तर मात्र तो लवकर मिळेल अशी आशा धरू नका.

खातं गोठवलेलं असेल तर पगार त्यात घेऊ नका, अडकून पडेल. आणि ‘माझ्या खात्यावर घेतो, नंतर देतो’ म्हणणाऱ्या मित्रापासून तर चार हात लांबच राहा. कित्येक प्रकरणांची सुरुवात अशाच उसनवारीतून झालेली असते. दुसऱ्या बँकेत पासबुकावर चालणारं साधं खातं उघडा आणि पैसे काढायला स्वतः शाखेत जा.

टपरी किंवा गिरणी टाकणार असाल तर क्यूआर कोड पत्नीच्या किंवा आईच्या खात्याचा ठेवता येईल, पण धंदाही तिच्या नावावर हवा आणि फोनही तिच्याच हातात. तिच्या फोनवर तुम्ही पैसे तपासत बसलात तर तो तुमचाच वापर. योजनेचा वा नोंदणीचा ऑनलाइन अर्ज सेवा केंद्रातल्या माणसाकडून भरून घेतलात, तर त्याच्या शुल्काची पावती ठेवा आणि कळफलकाला हात लावू नका. कोर्टात अर्ज करताना ‘सरकारी कामांसाठी तिऱ्हाइतामार्फत ऑनलाइन अर्ज भरता यावा’ एवढी ओळ मागून घेतली की मनातली टोचणी राहत नाही.

अडचणीचा फायदा घेणारे

- ‘तुला कोण कामावर ठेवणार, निम्म्या मजुरीवर ये’ म्हणणारा मालक भेटेल. किमान वेतन जामिनावरच्या माणसालाही लागू आहे. तक्रार सोलापूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात करता येते.
- टोळीचा मुकादम मोठी उचल देऊ करेल. ती घेण्याआधी टोळी कुठल्या जिल्ह्यात जाणार ते विचारा. हजेरीसाठी परत यायचं झालं तर उचल फिटेपर्यंत तो सोडत नाही. उचलीपोटी माणूस अडकवून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.
- ‘ओळख आहे, अट काढून देतो’ म्हणत पैसे मागणारा मध्यस्थ. अर्जाला क्रमांक पडतो, आदेशाची नक्कल मिळते. या दोन्ही गोष्टी नसतील तर काहीही झालेलं नाही.
- आणि जुने साथीदार. नवं काम त्यांच्याकडून आलं तर ते काम कसलं आहे हे न विचारता नाही म्हणा. सहआरोपीशी संपर्क ठेवू नये, अशी अट बहुधा तुमच्या आदेशातच सापडेल.

मदत कुठे मागायची?

वकिलाची फी परवडत नसेल तर माळशिरसच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. १५१०० हा मदत क्रमांक विनाशुल्क आहे आणि तो टूजी फोनवरूनही लागतो. परिवीक्षेवर असलेल्यांनी सोलापूरच्या जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात परिवीक्षा अधिकाऱ्यांची चौकशी करावी. सुटून आलेल्या बंद्यांसाठीच्या अर्थसाहाय्याबद्दलही तिथेच विचारा.

जाताना जामीन आदेशाची नक्कल, गुन्हा नोंदीची प्रत, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि काम ठरलं असेल तर मालकाचं पत्र सोबत न्या. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून यायला दिवस लागतात, त्यामुळे त्याचा अर्ज सगळ्यात आधी टाका.